माळ्यावरचा वायरलेस

रेडिओ म्हटलं की आपल्याला ऐकायचं यंत्र आठवतं. तिकडून बातम्या येतात, गाणी येतात, माझ्यासारखी एखादी बडबडते आणि तुम्ही भाकरी थापता थापता ऐकता. तुम्ही उलट बोललात तरी ते माझ्यापर्यंत पोचत नाही. आज मी दुसऱ्या जातीच्या रेडिओबद्दल सांगणार आहे. तो ऐकतो आणि बोलतोही. सिंहस्थात कुशावर्ताच्या बाजूला बंदोबस्ताच्या पोलिसाच्या हातात तुम्ही तो पाहिला असेल. बटण दाबायचं, बोलायचं, बटण सोडायचं आणि समोरच्याचं ऐकायचं. आपण त्याला वायरलेस म्हणतो. जुन्या मराठीत बिनतारी संच.

असे जुने संच अजून कुठे कुठे घरात आहेत. सैन्यातून, पोलिसातून किंवा बोटीवरून निवृत्त झालेल्या माणसाने कधीतरी लिलावात घेतलेले, कुणी मुंबईच्या चोरबाजारातून हौसेने आणलेले. तो माणूस गेला की पेटी माळ्यावर जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या काट्यावर येते. माळे आवरतो आपण बायकाच. म्हणून त्या पेटीचं काय होणार हेही बहुतेक वेळा आपणच ठरवत असतो.

गटांची सहयोगिनी म्हणून मी गावोगाव बैठका घेते. आपल्या तालुक्यातल्या एका गटातली ताई एकदा हिशेब संपल्यावर मागे थांबली. तिचे सासरे सैन्यात होते. त्यांच्या मागे एक लोखंडी पेटी राहिली होती. पेटीच्या तोंडावर गोल बटणं, एक काट्याची तबकडी, आणि इंग्रजीच्या खाली कसलीशी परकी अक्षरं. कुणीतरी शिकलेल्याने सांगितलं, ही रशियन अक्षरं आहेत. झालं! भावकीत कुजबुज सुरू झाली, म्हातारा रशियाची हेरगिरी करत होता की काय. ताईला दोन भीती होत्या. पेटी ठेवली तर पोलीस विचारतील, आणि विकली तर सासऱ्यांच्या नावाला लागलेला डाग तसाच राहील. तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे कळलं तेच आज सांगते.

आधी थोडा इतिहास. तारेशिवाय दूर बोलण्याचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रात १९२७ साली सुरू झालं. पुण्याजवळ खडकीला आणि तिकडे दौंडला बिनतारी केंद्रं उभी राहिली आणि हिंदुस्थान-इंग्लंड थेट तारायंत्र सुरू झालं. खडकीहून संदेश पाठवायचा आणि दौंडला उत्तर घ्यायचं. दोन्ही गावांत सुमारे ७५ किलोमीटरचं अंतर. प्रक्षेपकाचा आवाज इतका दांडगा की शेजारी ठेवलेल्या कानाला बारीक आवाज ऐकूच यायचा नाही, म्हणून तोंड एका गावात आणि कान दुसऱ्या गावात! हे लक्षात ठेवलं की पुढच्या पेटीचं नवल कळतं. बारा-पंधरा वर्षांत हेच तोंड आणि हेच कान, छोट्या पल्ल्यासाठी का होईना, एका पेटीत बसले. युक्ती साधी होती. दोन्ही कामं एकाच वेळी करायची नाहीत. बटण दाबलं की फक्त तोंड, सोडलं की फक्त कान. म्हणून तर बोलणारा शेवटी 'ओव्हर' म्हणतो, म्हणजे माझं झालं, आता तू बोल.

त्या काळी काही हौशी मंडळी सरकारी परवाना घेऊन घरच्या घरी असे संच बांधत आणि एकमेकांशी बोलत. त्यांना हॅम म्हणतात. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने त्यांचे परवाने रद्द करून यंत्रं जमा करायला सांगितली. बोलणारी पेटी लोकांच्या हाती असणं सरकारला नको होतं. का नको होतं, ते तीन वर्षांनी दिसलं.

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींसह सगळे पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाच्या २२ वर्षांच्या मुलीने साथीदारांबरोबर गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. यंत्र बांधायला नरिमन प्रिंटर या हौशी हॅमचं कसब कामी आलं. 'शिकागो रेडिओ' या ध्वनिवर्धकांच्या पेढीचे नानक मोटवानी यांनीही मदत केली. ४२.३४ मीटरवर आवाज यायचा, आणि पत्ता एवढाच सांगायचे की हिंदुस्थानातून कुठूनतरी बोलतो आहोत. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असायच्या, म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहायचे. आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरला काय झालं, चिमूरच्या बायकांवर काय गुदरलं, ते छापायची सोय नव्हती. या रेडिओने ते देशाला सांगितलं. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी दार फोडलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांनी ती येरवड्यात भोगली. त्या १९४६ साली सुटल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

दुसरी गोष्ट आपल्या आणखी जवळची आहे. त्र्यंबकहून जव्हार आणि जव्हारच्या पुढे गेलं की दादरा-नगर हवेली लागते. तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी ते उलथवलं. त्यांच्यात पुण्याहून गेलेली मराठी मंडळीही होती, आपले संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच. पोर्तुगीज मागे जे टाकून गेले त्यात दोन वायरलेस संच होते. एखाद्याने ते भंगार म्हणून फेकले असते. पण जाणत्यांनी ते खोलले, फेरजोडणी केली आणि त्यांतून प्रक्षेपक तयार केला. तो एका ट्रकवर बसवून आंबोलीच्या जंगलात नेला. २५ नोव्हेंबर १९५५ ला तिथून गोव्याच्या दिशेने आवाज गेला. तारीखही मुद्दाम निवडलेली होती. १५१० साली याच दिवशी अल्बुकर्कने गोवा जिंकला होता.

तो आवाज होता लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांचा. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये ते रोज बोलायचे. पोर्तुगीज सरकार जे लपवायचं ते सांगायचे. आंबोलीचा पाऊस कसा असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको, आपला त्र्यंबकचा पाऊस त्याचाच भाऊ. जळवा, साप, ओल, त्यात तापणारं यंत्र. पुढे मुक्काम कॅसलरॉकच्या रानात हलला. हे सहा वर्षं चाललं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ही दोघं विमानातून, ध्वनिवर्धक लावून, गोव्यावर फिरत ती बातमी सांगत होती. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबियाताईंना २०२५ साली, वयाची शंभरी गाठताना, पद्मश्री जाहीर झाली. शत्रूने टाकून दिलेल्या दोन पेट्या कुणीतरी ओळखल्या आणि दुरुस्त केल्या, म्हणून हे घडलं.

युद्धाच्या काळात बायकांच्या हाती वायरलेस आलाच होता. १९४२ मध्ये हिंदुस्थानात स्त्रियांचं सहायक सैन्यदल निघालं. त्यातल्या मुली टेलिफोन, संकेतलिपी आणि वायरलेसवर बसल्या. तिकडे युरोपात नूर इनायत खान ही मुलगी जून १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली. तिचा संच एका सुटकेसमध्ये मावत असे. तिचे वडील बडोद्याचे. तिचे पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तिथे संगीतशाळा काढली होती, आणि सयाजीराव म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. नूर पकडली गेली, पण तिने साथीदारांची नावं सांगितली नाहीत. सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली.

आता ओळखायचं कसं ते पाहू. आपल्या अंजनेरीला १९८० पासून नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिथे नाणं ओळखताना काय पाहतात? धातू, वजन, ठसा, अक्षरं, टांकसाळीची खूण. पेटीचंही तसंच.

पहिली गोष्ट, ती फक्त ऐकायची आहे की बोलायचीही. घरच्या जुन्या रेडिओच्या काचेवर बहुधा शहरांची नावं असतात, मुंबई, दिल्ली, सिलोन. बोलक्या पेटीवर शहरं नसतात, नुसते आकडे असतात. माइक किंवा हेडफोन जोडायची जागा असते. कट्-कडकट् करायची चावी जोडायची जागा असते. पाठवा आणि घ्या असं सांगणारी कळ असते. एरियलच्या मुळाशी जाड चिनीमातीचं बूड असतं.

दुसरी गोष्ट खुणा. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण दिसली तर तो माल इंग्रज सरकारच्या लष्कराचा. अमेरिकन लष्कराच्या पट्टीवर 'एससीआर' किंवा 'बीसी' ही अक्षरं आणि पुढे आकडा असतो. बीसी-६११ म्हणजे हातात धरायचा, सव्वादोन किलोच्या आसपासचा, जेमतेम दीड किलोमीटर बोलणारा संच. एससीआर-३०० म्हणजे पाठीवर बांधायचा, पंधरा किलोच्या आसपासचा. गंमत अशी की 'वॉकी-टॉकी' हे नाव आधी या पाठीवरच्या धुडाचं होतं. हातातल्याला 'हँडी-टॉकी' म्हणत. आपण पुढे दोन्हींना एकच नाव देऊन टाकलं.

तिसरी गोष्ट पोट. आत काचेचे व्हॉल्व्ह असतील तर संच बहुधा १९६०-७० च्या आधीचा. ट्रान्झिस्टर असतील तर नंतरचा. सरकारची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी १९५४ साली बंगळूरला निघाली. 'बीईएल' अशी अक्षरं दिसली तर संच त्याच्या नंतरचा आणि आपल्याच देशातला.

आणि ती रशियन अक्षरं? त्यांचं उत्तर मिळालं तेव्हा मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. इंग्रजांचा 'वायरलेस सेट नंबर १९' नावाचा संच होता. पाय या कंपनीने तो १९४० च्या सुमारास रणगाड्यांसाठी तयार केला. मागणी इतकी वाढली की तो कॅनडात आणि अमेरिकेतही बनू लागला. तेव्हा रशिया इंग्रजांच्या बाजूने लढत होता. त्यालाही हे संच पाठवायचे होते, म्हणून तिकडच्या कारखान्यांनी पट्टीवर इंग्रजी आणि रशियन अशी दोन्ही अक्षरं छापली. त्यांतले कित्येक संच रशियाला गेलेच नाहीत. ते इंग्रजांच्या सैन्यात, आपल्या सैन्यात वापरले गेले आणि पुढे लिलावात निघाले. ताईच्या पेटीवर बाणाची खूणही होती आणि १९ हा आकडाही. म्हणजे सासरे हेर नव्हते. ज्या संचावर त्यांनी नोकरी केली तसाच एक त्यांनी म्हातारपणी जवळ ठेवला होता, एवढंच. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा. गोळा कुठे पडला हे पुढे बसलेल्या माणसाने वायरलेसवर सांगितलं नाही तर मागची तोफ आंधळी असते. अशा माणसांनी आयुष्यभर कानाला हेडफोन लावून काढलेलं असतं.

आता जपणूक. इथे नीट ऐका, कारण हौसेपोटी जीव जाऊ शकतो.

पेटी सापडली की लगेच प्लग लावायचा नाही. त्या १९ नंबरच्या संचात ५०० व्होल्टपर्यंत दाब तयार होतो. शिवाय आतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे डबे, वायर काढल्यावरही काही वेळ वीज धरून ठेवतात. इतक्या वर्षांत ते वाळलेले किंवा गळके झालेले असतात. एकदम वीज दिली तर ते फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जळतो. युद्धातल्या तारांवरचं रबर हात लावताच भुगा होतं. उंदरांनी घर केलेलं असतं ते वेगळंच. जाणता मेकॅनिक आधी सगळं तपासतो, खराब कंडेन्सर बदलतो आणि मग सिरीजमध्ये बल्ब लावून हळूहळू वीज देतो. बल्ब भक्क पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असं समजून थांबतो. हे काम घरच्या पोराटोरांचं नाही.

तबकडीचे आकडे आणि काटे पिवळट-तपकिरी रंगाने रंगवलेले असतील तर खरवडू नका. त्या काळी अंधारात दिसावं म्हणून काही तबकड्यांना रेडियमचा रंग देत. चमक केव्हाच जाते, पण रेडियमचा किरणोत्सर्ग निम्मा व्हायलाच १६०० वर्षं लागतात. अमेरिकेत १९२०च्या आसपास घड्याळांच्या तबकड्या रंगवायला मुली ठेवल्या होत्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरा, असं त्यांना शिकवलं होतं. कितीतरी जणींचे जबडे सडले, काही मेल्या. त्यांतल्या काही जणी कोर्टात गेल्या. कामगारांच्या आरोग्याचे पुढचे नियम कडक व्हायला त्यांची ती लढाई कारणी लागली. तेव्हा तबकडीची काच फुटली असेल तर पेटी पोरांपासून दूर ठेवा आणि जाणत्याला दाखवा.

आपल्याला घरी करता येईल ते एवढं. पेटीचे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, खुणांचे जवळून काढा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. चिंच, राख, पॉलिश यांतलं काहीही लावू नका. तांब्याचा हंडा घासला की उजळतो, पण पेटी घासली की तिच्यावरची अक्षरं जातात, आणि अक्षरं गेली की तिची ओळखच जाते. आत जुने सेल असतील तर हातात पिशवी घालून काढा, ते गळून सगळं खातात. आपल्याकडे चार महिने भिंतींना घाम फुटतो, तेव्हा पेटी जमिनीवर ठेवू नका, प्लॅस्टिकमध्येही गुंडाळू नका. सुती कापडात, फळीवर, हवा खेळेल अशा जागी ठेवा. मेकॅनिकने काही भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या आणि चिठ्ठी लावून सोबत ठेवा. हेडफोन, माइक, चावी, पट्टे, जुने कागद वेगळे करू नका. पेटीपेक्षा कधीकधी त्या कागदांवरूनच जास्त कळतं.

आणि कायदा. आपल्याकडे १९३३ साली असा कायदा झाला की परवान्याशिवाय वायरलेसचं यंत्र बाळगायचंच नाही. आपल्या आज्या-आजोबांना नुसतं गाणं ऐकायलाही पोस्टात रेडिओची फी भरावी लागायची. ती फी १९८०च्या दशकात गेली. पण बोलणाऱ्या पेटीला परवाना आजही लागतो. तेव्हा लपवू नका आणि गुपचूप विकूही नका. पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज द्या, की अशी पेटी वारशाने आली आहे, बंद आहे, फोटो जोडले आहेत. पोच घ्या. आणि ती चालू करून हवेत आवाज सोडायचा विचार मनातही आणू नका. तो हक्क परवानाधारकाचा. हॅमची परीक्षा केंद्र सरकार घेतं आणि १२ वर्षांच्या पुढचं कुणीही ती देऊ शकतं. आपल्या मुलींनी का देऊ नये? १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला, २००१ मध्ये भूजचा झाला, टेलिफोन बंद पडले, तेव्हा कुठे काय हवं आहे हे सांगायला हॅम मंडळी आपापले संच घेऊन धावली होती.

ताईने अर्ज दिला. गटाच्या मदतीने आम्ही पेटीचं एक टिपण केलं. त्यात खुणा लिहिल्या, फोटो लावले आणि सासऱ्यांची पलटण, नोकरीची वर्षं, पेटी घरात कशी आली, हे सगळं सासूबाईंना विचारून उतरवून घेतलं. सासूबाईंना लिहिता येत नाही, पण नवरा रात्री उशाला हात ठेवून बोटांनी कट्-कडकट् वाजवत झोपायचा, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तेही आम्ही लिहिलं. भावकीतल्या ज्याने हेराची गोष्ट पसरवली होती, त्याला ताईने ते टिपण स्वतः वाचून दाखवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, या दिवाळीला माळा काढाल तेव्हा जड लोखंडी पेटी दिसली तर काट्यावर घालण्याआधी एक दिवस थांबा. बाणाची खूण बघा, आकडा उतरवून घ्या, आणि घरात जे कुणी म्हातारं माणूस असेल त्याला विचारा की ही कुणाची. लोखंडाचा भाव उद्याही मिळेल. सांगणारं माणूस उद्या असेलच असं नाही. पुढच्या बैठकीला तुमची टिपणं घेऊन या, आपण मिळून वाचू.